टाकी केवढी हवी?



गेल्या महिन्यात एका रविवारी मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एका आजींनी आम्हांला थांबवून एक प्रश्न विचारला. त्यांचा मुलगा अमेरिकेत असतो. तेथे नातवाला कोणी मित्राने कासवाचे पिल्लू भेट दिले आहे. पिल्लू रुपयाच्या नाण्याहून जरासे मोठे. जात 'स्नॅपिंग टर्टल'. त्याच्यासाठी काचेची टाकी घ्यायची आहे. आजी म्हणाल्या, "फादर, टाकी केवढी घ्यायला सांगू? लहान घेतली तर पैसे वाचतील, पण मुक्या जिवाचे हाल व्हायला नकोत."

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, कासवे पाळायला शिकलो नाही. तरीही हा प्रश्न मनात घोळत राहिला, म्हणून आम्ही त्याविषयी वाचन केले. वाचता वाचता लक्षात आले, की हा प्रश्न दिसतो सुताराचा आणि काचवाल्याचा, पण आहे नीतीचा. 'केवढी' हा शब्द मोजमापाचा आहे. 'हवी' हा शब्द मात्र आपल्याला विचारतो: कोणाला हवी? आपल्याला, की कासवाला?

हे कासव कोण?

मराठी माणसाला कासव परके नाही. आपल्या भाषेत कासवाची दोन चित्रे रूढ आहेत. एक, संकट दिसताच हातपाय आणि मान आत ओढून घेणारे कासव. दुसरे, नुसत्या नजरेने पिलांना वाढवणारी कासवी. आपल्या संतकवींनी ही दोन्ही चित्रे प्रेमाने वापरली आहेत. अमेरिकेतले हे कासव मात्र या दोन्ही चित्रांत बसत नाही.

कॅनडाच्या दक्षिण भागापासून अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागापर्यंत तळी, दलदली, संथ नद्या यांत ते राहते. त्याची पाठ कठीण असली तरी पोटाकडचे कवच फारच लहान असते. त्यामुळे त्याला अंग आत घेऊन दार लावून बसता येत नाही. जमिनीवर कोणी छेडले, तर त्याच्यापाशी एकच उपाय उरतो, तो म्हणजे लांब मान झटकन पुढे फेकून चावा घेणे. म्हणून त्याचे नाव चावरे कासव. पाण्यात मात्र तेच कासव बहुधा भांडत बसत नाही, गुपचूप निघून जाते. ज्याला आपण त्याचा राग म्हणतो, ती खरे तर आडोसा नसलेल्या जिवाची भीती आहे.

त्याची आई पिलांकडे पाहत नाही. ती पाण्याबाहेर येऊन मातीत खड्डा करते, वीस ते चाळीस अंडी घालते, माती सारते आणि परत जाते. बहुतेक अंडी कोल्हे, रॅकून आदी प्राणी उकरून खातात. जी थोडी पिल्ले निघतात, त्यांतली फारच थोडी मोठी होतात. पण जे मोठे होते, ते फार जगते. कॅनडातील आल्गॉनक्विन उद्यानात १९७२ सालापासून या कासवांचा अभ्यास चालू आहे. तेथील थंड प्रदेशात मादीला पहिली अंडी घालायला पंधरा ते वीस वर्षे लागतात, आणि काही कासवे शंभरी गाठत असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हिवाळ्यात वर बर्फाचा थर, खाली हे कासव कित्येक महिने श्वास न घेता निपचित पडून राहते. त्याच उद्यानात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पाणमांजरांनी अनेक मोठी कासवे मारली. तेथील कासवांची घटलेली संख्या वीस वर्षांनंतरही भरून आली नव्हती. इतक्या सावकाश चालणारे हे जीवन आहे.

नाण्याएवढे पिल्लू वाढून त्याची पाठ सुमारे एक फूट किंवा थोडी अधिक लांब होते, म्हणजे आपल्या भाकरीच्या परातीएवढी. शेपूट जवळजवळ पाठीइतकीच लांब. वजन पाच किलोपासून पंधरा किलोपर्यंत, क्वचित त्याहूनही जास्त.

तळ्याचे काम कोण करणार?

आता टाकीकडे वळू. कासव पाळणाऱ्यांत एक ठोकताळा आहे: पाठीच्या दर इंचाला दहा अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लिटर पाणी. या हिशोबाने आजच्या पिल्लाला पन्नास लिटर पुरतील. चौदा इंची प्रौढ कासवाला पाचशे लिटरांहून अधिक लागतील, आणि हेसुद्धा कमीत कमी. सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि दीड फूट पाणी असलेली टाकी धरा. त्यात सुमारे ७६० लिटर पाणी मावते. एका लिटरचे वजन एक किलो. म्हणजे दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात दहा-बारा माणसे कायमची उभी करण्यासारखे झाले. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने आधी घराच्या जमिनीचा विचार करावा. म्हणूनच जाणकार लोक काचेचा नाद सोडून गुरांना पाणी पाजण्याचा मोठा हौद वापरतात, किंवा अंगणात कुंपण घालून तळेच करतात. कासव दिसायला तितके सुंदर दिसत नाही, पण राहायला सुखी राहते.

खोलीपेक्षा तळाचे क्षेत्रफळ महत्त्वाचे. हे कासव फारसे पोहत नाही, तळावरून चालते. पिल्लू तर पोहण्यात कच्चेच असते. तळावर उभे राहून मान वर केली की नाक बाहेर यावे, एवढेच उथळ पाणी त्याला ठेवावे लागते. ते वाढेल तसे पाणी वाढवायचे. तळाशी बारीक खडी नको, कारण ती गिळली जाते. वाळू चालते, नुसता तळही चालतो. दडून बसायला अंधारा कोपरा हवा. पाणी गरम ठेवणाऱ्या नळीला जाळीचे संरक्षण हवे, नाहीतर ते अंगाच्या धक्क्याने काच फोडते. वर पक्के झाकण हवे, कारण ते चढते. आणि टाकीत दुसरे कासव नको. 'एकटे कंटाळेल' असे आपल्याला वाटते, ते आपल्या स्वभावावरून. या कासवाला सोबतीची गरज नाही. सोबतीला ठेवलेल्या प्राण्याला ते चावते किंवा खाते.

मग पाण्याची स्वच्छता. कासव पाण्यातच खाते आणि पाण्यातच घाण करते. त्या घाणीतून अमोनिया निघतो, आणि तो विषारी असतो. फिल्टरमध्ये राहणारे सूक्ष्म जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग कमी घातक असे नायट्रेट करतात. हे जिवाणू दुकानातून आणल्या दिवशी कामाला लागत नाहीत. त्यांची वस्ती बसायला काही आठवडे जातात. म्हणजे टाकी आधी तयार करायची, कासव नंतर आणायचे. आपण बहुतेक वेळा उलटे करतो. फिल्टर टाकीच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा घ्यावा लागतो, आणि तरीही दर आठवड्याला काही पाणी बदलावे लागते. नळाच्या पाण्यातला क्लोरीनही आधी घालवावा लागतो.

शेवटी ऊन. पाणी साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअस, आणि पाण्याबाहेर येऊन बसण्यासाठी ३० अंशांच्या आसपास तापलेली कोरडी जागा. शिवाय सूर्यप्रकाशातील अतिनील किरण. ते नसले की शरीराला कॅल्शियम नीट वापरता येत नाही, हाडे आणि कवच मऊ होते. टाकी खिडकीत ठेवून भागत नाही, कारण खिडकीची काच हे किरण अडवते. त्यासाठी खास दिवा मिळतो. पण त्या दिव्याची एक गंमत आहे. सहा महिने ते वर्ष झाले की त्यातून अतिनील किरण फारसे येत नाहीत, दिवा मात्र पूर्वीसारखाच उजेड देत राहतो. पाहणाऱ्याला सर्व ठीक दिसते. आत कासवाचे कवच मऊ होत असते.

बंधुभगिनींनो, ही यादी आम्ही मुद्दाम सविस्तर दिली. तळे ही सगळी कामे फुकट करीत होते. जिवाणू, ऊन, सावली, गाळ, थंडी, जागा, काही काही मागावे लागत नव्हते. ज्या क्षणी आपण त्या जिवाला तळ्यातून उचलले, किंवा त्याला तळे दिसूच दिले नाही, त्या क्षणी तळ्याचे सगळे काम आपल्या अंगावर आले. आईने न पाहिलेल्या त्या पिल्लावर आता जी नजर राहील, ती फक्त आपली. ती चुकली की चुकले. आम्हांला वाटते, योग्य टाकीची खरी व्याख्या हीच: जी टाकी तळ्याचे काम करते, ती योग्य.

'मजेत आहे की!'

यावर कोणी म्हणेल, "एवढे कशाला? आमच्या ओळखीच्यांकडे कासव दोन फुटी टाकीत सात वर्षे आहे. खाते, पिते, मजेत आहे."

या आक्षेपाचा नीट विचार केला पाहिजे. प्राण्यांशी कसे वागावे, याविषयी तत्त्ववेत्त्यांनी फार पूर्वीपासून लिहिले आहे. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस आणि अठराव्या शतकातील जर्मन तत्त्ववेत्ता कांट या दोघांच्याही मते, जनावरांशी निर्दयपणे वागणारा माणूस हळूहळू माणसांशीही तसाच वागू लागतो, म्हणून निर्दयपणा टाळावा. इंग्रज विचारवंत बेंथम याने १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वेगळी कसोटी मांडली. प्राण्याला बुद्धी किती, भाषा येते का, हे बाजूला ठेवा, त्याला यातना होतात का ते पाहा, असा त्याचा आग्रह होता.

दोन्ही विचार मोलाचे आहेत, पण आपल्या टाकीपाशी दोन्ही अपुरे पडतात. लहान टाकीत कासव ठेवणारा माणूस निर्दय नसतो, उलट त्याचे त्या कासवावर प्रेम असते. आणि कासव ओरडत नाही, रडत नाही. त्याला नेमके किती दुखते, हे आपल्याला बाहेरून कळत नाही. येथे त्याहूनही जुना गुरू उपयोगी पडतो, तो म्हणजे ॲरिस्टॉटल. त्याच्या मते प्रत्येक सजीवाला स्वतःचा एक स्वभाव आहे, आणि तो स्वभाव पूर्णत्वाला जाणे हेच त्या सजीवाचे भले. म्हणून 'त्याला दुखते का?' एवढेच विचारून थांबू नये. 'त्याला कासव म्हणून जगता येते का?' असे विचारावे. चालता येते का, वळता येते का, दडता येते का, उन्हात येऊन बसता येते का? सात वर्षे जिवंत राहिले, याचा अर्थ सात वर्षे जगले असा होतोच असे नाही. जगणे वेगळे, तग धरणे वेगळे. कासव तग धरण्यात फार पटाईत आहे, आणि त्याचा हा गुणच त्याच्या मुळावर येतो.

'कासव टाकीएवढेच वाढते' अशी एक समजूत सर्रास ऐकू येते. ती खरी नाही. निकृष्ट अन्न, घाण पाणी आणि अपुरी जागा यांमुळे वाढ खुंटते, कवच वेडेवाकडे होते. त्याला आपण 'जुळवून घेतले' म्हणतो. हा शब्द आपण किती सहज वापरतो! घराच्या मागच्या खोलीत ठेवलेल्या वृद्ध वडिलांविषयी वापरतो. लग्न होऊन आलेल्या सुनेविषयी वापरतो. "ती रुळली आता." आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी घरोघरी जाताना आम्ही "कसे आहात?" विचारतो, आणि "बरे आहे, फादर" असे उत्तर येते. ज्याला तक्रार करायची सोय नाही, त्याचे मौन म्हणजे समाधानाचा दाखला नव्हे. कासव हे आपल्याला फार स्पष्टपणे दाखवते, कारण त्याला तर 'बरे आहे' असेही म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. माणसे उपाशी असताना कासवाच्या टाकीवर एवढा खर्च करावा का? ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात या दोन्ही बाजू शेजारी शेजारी मांडल्या आहेत. प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, आणि माणसांचे दुःख दूर करण्यासाठी जो पैसा आधी खर्च व्हायला हवा तो प्राण्यांवर उधळणे हेही शोभत नाही, अशी ती शिकवण आहे. वरवर पाहता येथे पेच दिसतो. पण नीट पाहिले तर दोन्ही वाक्ये आपल्याला एकाच दाराशी आणून उभी करतात: कासव घरी आणण्याआधीच्या दाराशी. आणल्यावर खर्च टाळणे ही काटकसर नव्हे, ते आपल्या हौसेचे बिल कासवाच्या नावावर फाडणे आहे. पैसा खरोखर गरजूंसाठी वाचवायचा असेल, तर तो कासव न आणून वाचवावा.

देवाने माणसाला सृष्टीवर सत्ता दिली, असे उत्पत्तीच्या पुस्तकात आपण वाचतो. त्याच पुस्तकात पुढे माणसाला बागेची मशागत आणि राखण सोपवली आहे. विश्रांतिवाराच्या आज्ञेत बैल आणि गाढव यांच्याही विसाव्याची तजवीज आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाऊदातो सी' या पत्रातून, सत्ता म्हणजे मनमानी हा अर्थ चुकीचा असल्याचे ठामपणे सांगितले. ज्याच्या हाती टाकीची किल्ली आहे, त्याला आपली सत्ता किती खरी आहे हे रोज कळते. दिवा बदलायचा की नाही, हे तोच ठरवतो.

किती वर्षे?

टाकीला लांबी, रुंदी, उंची असते. चौथे माप काळाचे, आणि तेच आपण विसरतो. नीट ठेवले तर हे कासव तीस-चाळीस वर्षे सहज जगते. आजींचा नातू आज दहा वर्षांचा आहे. तो कॉलेजात जाईल, नोकरीसाठी गाव बदलेल, लग्न करील. परातीएवढे, चावा घेणारे, साडेसातशे लिटर पाण्यातले कासव तेव्हा कोठे असेल? कोण त्याचे पाणी बदलील? आईवडील म्हातारे झाल्यावर कोण?

बहुतेकांकडे याचे उत्तर नसते. मग एका संध्याकाळी कासव बादलीत घालून जवळच्या तळ्यात सोडले जाते आणि 'बिचाऱ्याला मोकळे केले' असे समाधान मानले जाते. याचा परिणाम जपानने पाहिला आहे. तेथे ही कासवे पाळण्यासाठी आयात झाली, मोठी झाल्यावर सोडली गेली, आणि चिबा प्रांतातील इनबा तळ्याच्या परिसरात त्यांची संख्या वाढून ती उपद्रवी ठरली. २००५ सालापासून तेथे ती विनापरवाना पाळायला बंदी आहे. एका मुलाची हौस दुसऱ्या जिवांच्या तळ्यावर जाऊन पडली. सोडून देणे म्हणजे स्वातंत्र्य देणे नव्हे. बऱ्याचदा ते आपल्या जबाबदारीतून आपलेच स्वातंत्र्य असते.

आपल्या अंगणात

हे सर्व अमेरिकेचे आणि जपानचे झाले, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणू नये. मुंबई-वसईच्या दुकानांतून कानाशी लाल पट्टा असलेली हिरवी पिल्ले विकली जातात. ती 'रेड इअर्ड स्लायडर' ही कासवेही मूळची अमेरिकेचीच. तीही नाण्याएवढी आणली जातात आणि ताटाएवढी होतात. त्यांनाही मोठी जागा, फिल्टर, तापलेला दगड आणि अतिनील दिवा लागतो. आणि तीही कधी कधी तलावात किंवा बावखलात जाऊन पडतात आणि आपल्या देशी कासवांची जागा बळकावतात. आपल्याकडची कासवे पकडून घरी ठेवणे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे. चावरे कासवही २०२२ साली प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घेतले गेले. त्या परिशिष्टांतील जिवंत परदेशी प्राणी भारतात कोणी बाळगला, तर त्याची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते.

एक आरोग्याची सूचनाही द्यायला हवी. कासवाच्या अंगावर साल्मोनेला हे जंतू असू शकतात. लहान मुले पिल्ले तोंडाशी नेतात, म्हणून अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. कासवाला किंवा त्याच्या पाण्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. टाकीचे पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतू नये.

आजींना आम्ही दिलेले उत्तर असे: आधी मुलाला त्याच्या राज्याचा कायदा पाहू दे. अमेरिकेत तो राज्याराज्यांत निराळा आहे. काही ठिकाणी परवाना लागतो, काही ठिकाणी मनाई आहे. पिल्लू कोठून आले ते मित्राला विचारू दे. परातीएवढ्या कासवाचा हौद आणि चाळीस वर्षांची शाश्वती देता येत नसेल, तर तेथील वन्यजीव खात्याला किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांची काळजी घेणाऱ्या संस्थेला आताच विचारून ते सोपवू दे. स्वतःच्या मनाने कोणत्याही तळ्यात सोडू नये. आणि ठेवायचेच ठरले, तर टाकी आजच्या नाण्याच्या मापाने न घेता उद्याच्या परातीच्या मापाने घ्यावी. नातवाला कासव आवडते ना? मग त्याला तळ्याकाठी घेऊन जा. तेथे टाकी लागत नाही.

ज्यांच्या घरी स्लायडर कासवे आहेत, त्यांनी आज घरी गेल्यावर टाकीसमोर पाच मिनिटे बसावे. त्याला वळता येते का, पाण्याबाहेर कोरडे बसता येते का, दिवा कधी बदलला होता, हे पाहावे. जे कमी असेल ते या आठवड्यात पुरे करावे. ज्यांना पुढे सांभाळणे शक्य नसेल, त्यांनी ते बावखलात सोडू नये. प्राणिमित्र संस्थांशी आपण मिळून संपर्क साधू. आणि जी मुले वाढदिवसाला कासव मागत आहेत, त्यांच्या आईवडिलांनी आधी टाकीचा हिशोब मुलांकडूनच करून घ्यावा. गणित पाचवीचे आहे. मुले ते बरोबर करतील.

आपले प्रमुख धर्मगुरू